ऑइल पेंटचा पट्टा

मोबाइलच्या पडद्यावर घर सजवणाऱ्या बायकांचं एक वेगळंच राज्य आहे. तिथे पाचशे रुपयांत दिवाणखाना बदलतो, दोनशेत बाल्कनी, आणि काही घरं तर म्हणे फुकटातच खुलतात. त्या राज्यात मुलं जवळपास नाहीतच. असलीच तर पांढरे कपडे घालून पांढऱ्या गालिच्यावर बसतात, लाकडी ठोकळे रचतात आणि खेळून झालं की आपल्या हाताने डब्यात भरून ठेवतात. असं मूल मी आदिलाबाद जिल्ह्यात अजून पाहिलेलं नाही. पैनगंगेपलीकडे असेल म्हणून बायकोला विचारलं. तिचं माहेर पांढरकवड्याचं. तिकडेही नाही म्हणाली.

तरी ती हे व्हिडिओ रोज रात्री बघते. मुलं झोपल्यावर, आवाज बंद करून. आवाजाची गरजही नसते, कारण सगळ्यांचं सांगणं एकच: टाकाऊतून टिकाऊ करा. इथेच आमची गाडी अडते. आमच्या घरात टाकाऊ असं काही नसतंच. आईचं जुनं लुगडं गोधडीला जातं, गोधडी विरली की तिचं पायपुसणं होतं, पायपुसणं फाटलं की ते गोठ्यात जातं आणि तिथून पुढे त्याचं काय होतं ते बैलांना ठाऊक. व्हिडिओतली बाई म्हणते, जुन्या साडीचे पडदे शिवा. बायकोने एक साडी पेटीतून काढलीही. आईने चष्मा लावून ती उलटीपालटी केली आणि म्हणाली, “हे जुनी आहे काय? मंग मी कोन आहो?” साडी परत पेटीत गेली.

दुसऱ्या एका व्हिडिओत रिकाम्या बाटल्यांना सुतळी गुंडाळून फुलदाण्या केल्या होत्या. बाटल्या काचेच्या, लांब मानेच्या. सरबताच्या बाटल्या तशा नसतात. कशाच्या असतात आणि गावात कुठे मिळतात हे तेलंगणातल्या कुठल्याही माणसाला सांगावं लागत नाही. मी भर दुपारी पिशवी घेऊन बेल्ट शॉपला गेलो आणि “फक्त रिकाम्या पाहिजेत” म्हणालो. दुकानातल्या माणसाने माझ्याकडे इतक्या कणवेने पाहिलं की मला वाटलं, हा एखादी भरलेली उधार देतो की काय. येताना पिशवी वाजत होती. जैनथ मंडळाचं गाव खरं, पण पिशवीतल्या सहा बाटल्यांचा आवाज विरून जावा एवढं काही मोठं नाही. संध्याकाळपर्यंत बातमी नदी ओलांडून सासुरवाडीला पोचली, आणि पोचेपर्यंत बाटल्या भरल्या होत्या. सासऱ्यांचा फोन आला. त्यांनी आधी पिकापाण्याचं विचारलं, मग मुलांचं, आणि मग बराच वेळ थांबून, “बाकी तब्येत कशी आहे?”

खरं म्हणजे आमच्याकडे घर सजवायला खर्च करावाच लागतो असं नाही. कापूस लावला की झालं. मृगाच्या आधी बियाण्याची पाकिटं घ्यायला आदिलाबादला गेलात की दुकानदार वर काहीतरी देतोच. बैठकीतलं घड्याळ तसं आलेलं आहे. त्यात बाराच्या जागी फुटलेलं बोंड आहे, त्यामुळे जेवायची वेळ झाली की आमच्या घरात “काटा बोंडावर आला” म्हणतात. चहाचे कप खतवाल्याकडचे. पाहुण्यांना समोरच्याच्या कपावरचं ‘भरघोस उत्पादन’ वाचत चहा प्यावा लागतो. दारामागे टांगलेल्या पिशवीवर गुलाबी बोंडअळीचं हातभर चित्र आहे आणि खाली तिचा नायनाट कशाने होतो ते लिहिलं आहे. धाकटा या अळीला ‘माऊ’ म्हणतो आणि झोपताना तिला टाटा करतो.

कॅलेंडरांचं तर विचारूच नका. सोन्याच्या दुकानातून लक्ष्मी येते, बियाण्याच्या दुकानातून व्यंकटेश, फटफटीच्या शोरूममधून शिवपार्वती. वर्ष संपलं तरी देवाचं चित्र फेकायचं नसतं, म्हणून आई खालचा तारखांचा भाग कात्रीने कापते आणि वरचा देव तिथेच ठेवते. आमच्या बैठकीत सध्या निरनिराळ्या वर्षांचे चार व्यंकटेश आहेत. तारखा बघायला दोन कॅलेंडरं वेगळी: एक कालनिर्णय, जे १९७३पासून महाराष्ट्राच्या भिंतींवर आहे आणि बायकोच्या मागोमाग आमच्या भिंतीवर आलं, आणि शेजारच्या अक्कांनी दिलेलं तेलुगू पंचांगाचं. एका खिळ्यावर दोघंही गुण्यागोविंदाने राहतात, कारण मराठी महिना अमावास्येला संपतो आणि तेलुगूही. उत्तरेकडचं, पौर्णिमेला महिना संपवणारं कॅलेंडर कुणी भेट दिलं असतं, तर वद्य पक्षात आमच्या घरात दोन महिने एकदम सुरू राहिले असते. दुधाचा हिशेब मग कोणत्या महिन्यात धरायचा?

घर आजोबांनी बांधलेलं. बांधलं तेव्हा निजामाच्या हैदराबादेत होतं. १९५६ साली राज्यांची वाटणी झाली, किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आम्ही आंध्रात राहिलो. २०१४ साली तेलंगणात आलो. २०१६मध्ये जिल्ह्याचेही चार तुकडे झाले. आमच्या घराने जागचं न हलता तीन राज्यं पाहिली. रंग मात्र एकच पाहिला, नीळ घातलेला चुना. पाच वर्षांपूर्वी बायकोने ठरवलं की आता भिंतींना चांगला रंग लागला पाहिजे. मी खर्चाचा अंदाज काढला आणि दोन वर्षं त्या विषयावर कुणी बोललं नाही.

दारं-खिडक्यांना रंग लागतो, पण त्याची रीत न्यारी. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून जो रंग उरतो तो खिडक्यांना. त्यामुळे आमच्या खिडक्यांचा रंग आधी बैल निवडतात. एकदा शिंगं निम्मी हिरवी, निम्मी लाल झाली होती, तर बैठकीच्या खिडकीचं एक दार हिरवं आणि दुसरं लाल आहे. झूल, घुंगरं, बाशिंग, कपाळावर आरसा... बैलांच्या वाट्याला वर्षातून एक दिवस जी सजावट येते ती घराला कधीच आली नाही. मुलांनाही ते ठाऊक आहे. थोरलीच्या वहीत ‘माझे घर’ या चित्रात घर कोपऱ्यात एवढंसं आहे आणि बाकीच्या पानभर बैल.

सणांच्या बाबतीत मात्र सीमेवर राहण्याचा फायदा होतो. भाद्रपदात गणपतीचं मखर, नवरात्रात अक्कांच्या मुलींबरोबर बतुकम्मा, दिवाळीत आकाशकंदील, संक्रांतीला अंगणभर मुग्गू. दोन्हीकडच्या बायका एकमेकींचं पाहून करतात आणि एकमेकींपेक्षा थोडं मोठं करतात. बतुकम्माला लागणारी तंगेडू आणि गुनुगूची फुलं रानात फुकट मिळतात. आमच्याकडे तंगेडूला तरवड म्हणतात आणि एरवी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. एकूण भाद्रपद ते पौष आमचं घर बाहेरून बरं दिसतं. प्रश्न आतला आहे.

आत दोन मुलं आहेत. थोरली सात वर्षांची, धाकटा अडीच. ज्या घरात लहान मुलं असतात तिथली शोभा खोलीच्या लांबी-रुंदीवर अवलंबून नसते, उंचीवर असते. जमिनीपासून तीन फुटांपर्यंतचा मुलूख मुलांचा. तिथे फक्त तीच वस्तू टिकते जी फुटत नाही, फाटत नाही, तोंडात मावत नाही आणि ओढून आणता येत नाही. आमच्याकडे या चारही अटींत बसणारी वस्तू एकच: जातं. तीन ते पाच फूट हा वादग्रस्त भाग. खुर्ची जवळ असली तर त्यांचा, नसली तर आमचा. पाच फुटांच्या वर मोठ्या माणसांची सत्ता सुरू होते, आणि मूल वाढतं तशी एकेक वस्तू वर सरकत जाते. थोरली रांगायला लागली तेव्हा फुलदाणी कोनाड्यातून कपाटावर गेली. ती उभी राहिली तेव्हा कपाटावरून फळीवर. धाकट्याच्या वेळी फळीच एक हात वर ठोकली. आता आमच्याकडे येणारा पाहुणा आधी वर बघतो, मग सगळं बघून झालं की मानेला हात लावून खाली बसतो.

ही उंचीची गोष्ट सरकारला फार पूर्वी कळलेली आहे. कुठल्याही जुन्या सरकारी शाळेत किंवा दवाखान्यात जा, भिंतीच्या खालच्या अंगाला गडद ऑइल पेंटचा पट्टा असतो आणि वर पांढरा चुना. चुन्यावर हात घासला की पांढरा होतो आणि भिंत काळी. ऑइल पेंट ओल्या फडक्याने पुसता येतो. ज्याने कुणी तो पट्टा पहिल्यांदा ओढला, त्याला मुलं होती एवढं नक्की. बसस्टँडातही तोच पट्टा असतो. तिथे तो पान खाणाऱ्यांसाठी, म्हणून थोडा उंच.

शेवटी आम्हीही तेच केलं. पेंटर अन्नाला बोलावलं. अन्ना तेलुगू, पण कामाचं मराठी आणि भांडणाचं हिंदी चांगलं जाणतो. बायकोने त्याला मोबाइलवरची एक भिंत दाखवली, धूसर, राखाडी, एकाच रंगाच्या तीन छटांची. अन्नाने भिंत पाहिली, मग जमिनीवर बसून काडेपेटी चघळणाऱ्या धाकट्याला पाहिलं आणि विचारलं, “पट्टा एन्त दाका?” मी कमरेला हात लावून दाखवलं. तीन फूट. खाली विटकरी ऑइल पेंट, वर नीळ घातलेला चुना. राखाडी रंगाच्या तिन्ही छटा मोबाइलमध्येच राहिल्या.

पट्ट्याच्या वर काय मांडायचं हा पुढचा प्रश्न. आमच्या जिल्ह्यात, म्हणजे जुन्या जिल्ह्यात, शोभेच्या वस्तूंची काही कमी नाही. निर्मलचे नक्काश पोनिकी नावाच्या हलक्या, मऊ लाकडाची खेळणी करतात. चिंचोक्याची खळ लावून सांधे बुजवतात आणि वर असे रंग देतात की लाकडी सीताफळ खऱ्याच्या शेजारी ठेवलं तर खरंच खोटं वाटावं. मामांनी लग्नात असल्या फळांची परडी दिली होती. केळी, आंबा, सीताफळ, वांगं. वांगं फळांत कसं आलं ते मामांना विचारायचं राहिलं. धाकट्याला दात येत होते तेव्हा ती परडी अजून फक्त साडेतीन फुटांवर होती. आज सीताफळावर वर दोन, खाली दोन, असे चार दातांचे ठसे आहेत, रंगाखालचं पांढरं लाकूड दिसतं, आणि चिंचोक्याची खळ चवीला कशी असते हे घरात त्याला एकट्यालाच माहीत आहे.

दुसरी वस्तू ढोकऱ्याची. मेणाचा आकार करून त्यावर माती लिंपायची, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत पितळ ओतायचं, असं हे काम. आदिलाबादच्या ढोकऱ्याला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. लहान मुलांच्या घरात ठेवायला याहून चांगली वस्तू नाही, असं मी बायकोला पटवून एक पितळी बैल आणला, कारण पितळ काही केल्या फुटत नाही. ते आजतागायत फुटलेलं नाही. माझ्या पायाच्या अंगठ्याचं नख मात्र नवीन आलेलं आहे.

तिसरी वस्तू म्हणजे निर्मलचंच मोठं चित्र, काळ्या पाटावर सोनेरी हरणं. ते घरातलं सगळ्यात मौल्यवान, म्हणून साडेसहा फुटांवर. तिथे पोचायला मलाही स्टूल लागतं. तिथे ते सुरक्षित होतं, दसऱ्यापर्यंत.

त्याआधी देवळाचं सांगितलं पाहिजे, कारण भिंतीवर लिहिण्याचा विषय निघाला की थोरली देवळाचा दाखला देते. आमच्या गावाचं नाव बाहेर जे थोडंफार माहीत आहे ते लक्ष्मीनारायणाच्या देवळामुळे. काळ्या दगडाचं जुनं देऊळ. गावात एक संस्कृत शिलालेखही मिळालेला आहे, परमार राजा जगद्देवाच्या काळचा, म्हणजे नऊशे वर्षांच्या आसपासचा. हा जगद्देव माळव्याच्या उदयादित्याचा मुलगा, भोजराजाचा पुतण्या. लेखात त्याच्या पराक्रमाचे श्लोक आहेत, त्याच्या पदरच्या लोलार्काची स्तुती आहे, आणि मग कळतं की सूर्याचं, निंबादित्याचं, देऊळ बांधवलं ते लोलार्काच्या बायकोने, पद्मावतीने. बायकोला हे मी मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे बांधायचं तिनं, आणि आधी दहा ओळी याच्या.” मग थोडा वेळ विचार करून, “तिला मुलं लहान नसतील.”

थोरलीच्या हाती हा मुद्दा लागला तो असा. पट्ट्याच्या बरोब्बर वर, चुन्यावर, तिने पेन्सिलीने आपलं नाव लिहिलं. एकदा देवनागरीत, जी आजी शिकवते. एकदा तेलुगूत, जी शाळा शिकवते. आणि एकदा इंग्रजीत, जी कुणी शिकवतं की नाही याबद्दल मी साशंक आहे. मी रागावलो तर म्हणाली, “बाबा, देवळातलं पण कुणीतरी लिहिलंच होतं ना? त्याले तुम्ही फोटो काढता.” याला उत्तर पुरातत्त्व खात्याकडे असेल, माझ्याकडे नव्हतं.

आता दसरा. दसऱ्याच्या सुमाराला वेचणी सुरू होते आणि वेचलेला कापूस घरी येतो. गोदाम गावात कितीजणांकडे आहे? कापूस बैठकीत येतो. आधी एका कोपऱ्यात, मग कोपरा सोडून भिंतीच्या कडेने, मग खुर्च्या बाहेर जातात, मग टीपॉय, आणि दिवाळीपर्यंत बैठकीतून आत जायला माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट राहते. ढिगाची उंची पिकावर नसते, भावावर असते. भाव चांगला असला तर कापूस शेतातून थेट गाडीत जातो, बैठक मोकळी. भाव पडला की जो तो म्हणतो, थोडं थांबू, आणि थांबणारा कापूस वाढत वाढत छताकडे निघतो. म्हणजे गावातल्या कुणाच्याही बैठकीत डोकावलं की त्या वर्षीचा बाजार कळतो.

२०२५-२६च्या हंगामात सरकारने लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव दिला, मध्यम धाग्याला ७,७१०. आमच्या ढिगात पंधरा क्विंटल धरला तर लांब धाग्याच्या भावाने १,२१,६५० रुपये झाले. मोबाइलवरच्या कुठल्याही बाईकडे एवढा महाग सोफा नसेल, हे मी बायकोला सांगितलं. पाहुणे खरोखरच त्यावर बसतात. बसले की कमरेपर्यंत आत जातात आणि मग चहाचा कप घ्यायला त्यांचा फक्त हात बाहेर येतो. उठवायला दोघं लागतात. कार्तिकात देवाचे ब्रह्मोत्सव असतात, अष्टमीपासून पुढे, तेव्हा किनवटचे, पांढरकवड्याचे, बेल्याचे पाहुणे येतात आणि रात्री सगळे ढिगावर झोपतात. सकाळी सगळे खाजवत उठतात. जुन्या कापसाची खाज ज्याने अनुभवली त्याला तिचं वर्णन नको आणि ज्याने नाही अनुभवली त्याला ते खरं वाटणार नाही. एक मामेसासरे दर वर्षी सकाळी म्हणतात, “औंदा जरा जास्तच आहे,” आणि दर वर्षी येतात.

कापूस घरात असताना आग पेटवायची नाही, हा एक कायदा आमच्याकडे कडक आहे. बिडी अंगणात. उदबत्ती स्वयंपाकघरात, आणि देवही तेवढ्यापुरते स्वयंपाकघरात. दिवाळीला अख्खं गाव पणत्या लावतं, आमच्या बैठकीच्या खिडकीत बॅटरीवरची लाल-हिरवी माळ. धाकट्याला ती खऱ्या दिव्यांपेक्षा आवडते, कारण ती गुंडाळून घेऊन झोपता येतं. फटाके कुठे वाजवायचे याची वाटाघाट मुलांशी आठ दिवस चालते आणि शेवटी लक्ष्मीपूजनाला आम्ही मुलांना घेऊन आपल्याच घरापासून लांब, अक्कांच्या अंगणात जाऊन फुलबाज्या लावतो. अक्कांनी कापूस आधीच विकलेला असतो. त्यांना बाजाराची नाडी कळते.

कापूस विकायचा तर आधी कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी, मग स्लॉट, मग ओलावा. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण भाव, त्यापुढे बारापर्यंत थोडी कपात, आणि बाराच्या वर गाडी परत. त्यामुळे घरात ओलाव्यावर सगळ्यांचं लक्ष. सकाळी दव आहे म्हणून खिडकी बंद. थोरली पाण्याचा ग्लास घेऊन बैठकीत आली की आई ओरडते. एवढा बंदोबस्त करून ढिगाच्या माथ्यावर अडीच वर्षांचा धाकटा दुपारची झोप घेत असतो, कारण घरात त्याच्याइतकी मऊ जागा कुणालाच मिळालेली नाही. तो झोपून उठला की बायको, आई आणि मी आळीपाळीने त्या जागी हात घालून बघतो. कुणी काही बोलत नाही. जेवढा कापूस ओला लागेल तेवढा काढून उन्हात टाकतो आणि एकमेकांना बजावतो की खरेदी केंद्रावर हे कुणाला सांगायचं नाही.

तर हा ढीग वाढत असताना आमची सगळी उंचीची व्यवस्था जागच्या जागी होती: पट्टा तीन फुटांवर, फळी साडेपाचावर, हरणं साडेसहावर. जमीन तेवढी वर आली होती. कार्तिकात कधीतरी, पाहुण्यांच्या गडबडीत, मी बैठकीत गेलो तर धाकटा ढिगावर उभा राहून हरणांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलत होता. त्याच्या हातात हिरवा खडू होता आणि चित्राच्या खालच्या कडेने, सोनेरी पायांच्या मधून मधून, गवत उगवलेलं होतं. थोरली शेजारी बसून कोणत्या हरणाला अजून मिळालं नाही ते सांगत होती. “बाबा, ते उपाशी होते,” ती म्हणाली. सुतळीच्या फुलदाण्यांत कापसाची बोंडं खोचलेली होती. ते मात्र बरं दिसत होतं. बायकोने लगेच फोटो काढला.

पौषात कापूस गेला. गाडी भरून निघाली, बैठक झाडली, आणि ढिगामागची भिंत पहिल्यांदा दिसली. पट्ट्यावर काही नव्हतं, तो स्वच्छ पुसता येण्याच्या तयारीत तसाच होता. पट्ट्याच्या वर सुरुवात. साडेतीन फुटांवर बैल, लाल शिंगांचे, म्हणजे पहिल्या वेचणीच्या वेळचे. त्याच्या वर हातभर फटाके आणि दिवे: दिवाळी, दुसरी वेचणी. त्याच्या वर देवाचा रथ, खूप माणसं, बहुतेक खाजवत असलेली. त्याच्याही वर, साडेसहा फुटांच्या आसपास, थोरलीने तिन्ही लिप्यांत आपलं आणि भावाचं नाव लिहिलेलं, आणि बाजूला धाकट्याचा हिरव्या खडूतला गिरगिटा, जो बहुधा त्याची सही असावी. पुढच्या घरातल्या पोरीच्या लग्नाची बोलणी करायला आलेले एक गृहस्थ बराच वेळ वर बघत बसले होते. शेवटी त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, “तुमच्याकडे एवढं उंच कोण आहे?”

संक्रांतीनंतर पेंटर अन्नाला परत बोलावलं. त्याने भिंत खालून वर पाहिली, मग वरून खाली पाहिली, खिशातून टेप काढली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, “पट्टा एन्त दाका?”

मी बायकोकडे पाहिलं, बायकोने आईकडे. आई उन्हात बसून लुगड्याची घडी घालत होती. मान वर न करताच म्हणाली, “आत्ताच कशाले सांगू बाबू? औंदाचा भाव कसा निघते, ते पाहू दे.”

अन्नाने टेप गुंडाळून खिशात टाकली. “मग छतापर्यंतच मारावा लागतो, अम्मा.”